वीतभर अंतर : मर्दानी खेळाच्या एका चित्रपटदृश्याचे प्रकरण

पुढे मांडलेले प्रकरण काही वर्षांपूर्वी पश्चिम महाराष्ट्रात चित्रित झालेल्या एका मराठी चित्रपटाचे आहे. चित्रपटाचे, गावाचे, आखाड्याचे आणि संबंधित व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही आणि ओळख पटू नये म्हणून काही किरकोळ तपशील बदलले आहेत. त्या युनिटमध्ये मी प्रमुख सहायक दिग्दर्शक होतो. म्हणजे दिवसाचे वेळापत्रक, शॉटचा क्रम आणि सेटवरची सुरक्षितता या तिन्ही गोष्टी माझ्याकडे होत्या. हे सुरुवातीलाच सांगणे आवश्यक आहे, कारण या प्रकरणात जी पावले चुकली त्यांपैकी सर्वांत महागात पडलेले पाऊल माझे होते.

पार्श्वभूमी

चित्रपटाची कथा साधी होती. ऊसपट्ट्यातल्या एका गावात वडिलांच्या मागे गुऱ्हाळ चालवणारी मुलगी आणि ते गुऱ्हाळ जागेसकट बळकावू पाहणारे लोक, एवढाच संघर्ष. दिग्दर्शकाला मात्र त्यात एक गोष्ट वेगळी हवी होती. शेवटची मारामारी मर्दानी खेळाच्या अस्सल हातांनी, लाठी फिरवायला लहानपणापासून शिकलेल्या मुलीने, प्रत्यक्ष करून दाखवावी अशी त्याची धारणा होती. त्यासाठी त्याने नामांकित अभिनेत्रीचा विचार सोडला आणि एका आखाड्यातली वीस वर्षांची मुलगी नायिका म्हणून घेतली. ती नवव्या वर्षापासून लाठी, फरी-गदका आणि दांडपट्टा शिकलेली होती. तिने अभिनय कधी केला नव्हता, पण लाठी हातात आली की तिच्या चेहऱ्यावर जी शांतता येई ती अभिनयाने आणता आली नसती, हे मी पहिल्याच चाचणीत पाहिले होते.

दिग्दर्शकाच्या मनात दोन परदेशी उदाहरणे पक्की बसली होती. पहिले 2003 सालच्या 'ओंग-बाक' या थाई चित्रपटाचे, ज्यात टोनी जा याने केबल (कलाकाराला हवेत तोलून धरणाऱ्या तारा), डुप्लिकेट आणि संगणकीय करामतीशिवाय काम केले आणि ज्याची जाहिरातही नेमक्या याच दाव्यावर झाली. दुसरे 2011 सालच्या 'द रेड' या इंडोनेशियन चित्रपटाचे. गॅरेथ इव्हान्स या वेल्श दिग्दर्शकाने तो पेंचाक सिलाट या तिथल्या युद्धकलेवर उभा केला होता आणि इको उवैस व यायान रुहियान या प्रत्यक्ष सिलाट शिकलेल्या कलाकारांकडूनच त्यातल्या मारामाऱ्या बसवून घेतल्या होत्या. तिकडे जर एवढ्याशा पैशात हे जमते तर आपल्याकडे मर्दानी खेळाची एवढी जुनी परंपरा असताना का जमू नये, हा त्याचा प्रश्न होता आणि तो प्रश्न चुकीचा नव्हता.

निर्मात्याला यातला दावा जास्त आवडला. चित्रीकरणाला दोन महिने असताना त्याने पोस्टरची ओळ ठरवून टाकली: 'ना केबल, ना डुप्लिकेट, ना कॉम्प्युटर'. एकही शॉट घेतलेला नसताना छापायला तयार झालेली ही ओळ पुढे सेटवर काय काय ठरवत गेली, हे त्या वेळी आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नाही.

अडचण

मारामारीचे ठिकाण खरे गुऱ्हाळ होते. पत्र्याचे छप्पर, मधोमध चुलवाण, त्यावर मोठी काहील, एका बाजूला रसाचा घाणा आणि दुसऱ्या बाजूला वाळलेल्या चिपाडांचा ढीग. काहील अर्थातच रिकामी होती आणि तिच्यातून दिसणारी वाफ धुराच्या यंत्राची होती. मुलीसमोर सहा माणसे येणार होती. त्यांपैकी चौघे तिच्याच आखाड्यातले पठ्ठे होते आणि दोघे मुंबईहून आलेले व्यावसायिक फायटर होते. फाईट मास्टरही मुंबईचे, तीस वर्षे हिंदी आणि दक्षिणेकडच्या चित्रपटांत काम केलेले. आखाड्याचे वस्ताद सल्लागार म्हणून सेटवर असत.

साडेतीन मिनिटांची ही मारामारी दिग्दर्शकाला फक्त सात शॉटमध्ये हवी होती आणि त्यांतले बहुतेक शॉट बाजूने, डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण माणूस दिसेल असे घ्यायचे होते. अडचणीचे मूळ इथे होते. कॅमेरा वार करणाऱ्याच्या खांद्यामागे किंवा मार खाणाऱ्याच्या पाठीमागे ठेवला की लाठी आणि गाल यांच्यातले अंतर भिंगाच्या रेषेत येते आणि दिसेनासे होते. वीतभर लांबून गेलेला वारही बसल्यासारखा वाटतो. सेटवर याला चीट करणे म्हणतात आणि निम्मी चित्रपटसृष्टी त्यावर चालते. तोच कॅमेरा बाजूला नेला की ती वीत उघडी पडते. म्हणजे बाजूच्या लांब शॉटमध्ये वार खरा वाटायला हवा असेल तर तो कुठेतरी टेकलाच पाहिजे.

दुसरी अडचण लाठीच्या वेगाची होती. पाच फुटांची लाठी मधोमध धरून सेकंदाला दोन फेऱ्या या गतीने फिरवली तर तिचे टोक सेकंदाला सुमारे साडेनऊ मीटर जाते. सेकंदाला 24 फ्रेमच्या चित्रणात शटर नेहमीच्या 180 अंशांवर असेल तर प्रत्येक फ्रेम सेकंदाच्या 48 व्या भागापुरती उघडी राहते आणि तेवढ्या वेळात टोक 20 सेंटिमीटर सरकते. पडद्यावर लाठीऐवजी नुसता पंखा दिसतो. छायालेखकाने शटर 90 अंशांवर आणून हा फराटा निम्मा केला, पण त्यामुळे प्रकाशही निम्मा झाला. मग गुऱ्हाळाच्या छपराचे दोन पत्रे काढावे लागले आणि तिथून येणारे ऊन हाच दृश्याचा मुख्य प्रकाश ठरला. दुपारी साडेपाचनंतर ते ऊन चुलवाणावरून सरकून भिंतीवर चढत असे. हा तांत्रिक वाटणारा तपशील मी मुद्दाम नोंदवतो आहे, कारण तिसऱ्या दिवशीची घाई त्यातूनच आली.

समोर असलेले पर्याय

तालमी सुरू होण्यापूर्वी निर्मात्याच्या कार्यालयात एक बैठक झाली आणि तीत तीन रस्ते मांडले गेले.

पहिला रस्ता फाईट मास्टरचा. मुलीचे लाठी फिरवण्याचे हात तिच्याकडूनच घ्यावेत, पण मार लागण्याचे सर्व शॉट तुकड्यातुकड्यांत, चीट करून आणि मुंबईच्या आठ फायटरना घेऊन करावेत. धोक्याच्या पडण्याला डुप्लिकेट वापरावा. काम चार दिवसांत निश्चित पुरे होईल, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरा रस्ता दिग्दर्शकाचा: समोरची माणसेही मर्दानी खेळातलीच हवीत, शॉट लांब हवेत आणि वार टेकले पाहिजेत. तिसरा मी आणि छायालेखकाने अर्धवट सुचवला होता. त्यात लांब शॉट आणि तुकडे यांची सरमिसळ होती आणि काही शॉट 22 फ्रेमने घ्यायचे होते. 22 ने घेतलेले चित्रण 24 ने दाखवले की हालचाल साधारण नऊ टक्के वेगवान होते. त्यामुळे तालमीत जरा सावकाश, सांभाळून मारता येते. हाँगकाँगच्या कुंग-फू चित्रपटांत ही युक्ती सर्रास वापरली गेली आहे. दिग्दर्शकाने तिला सरळ 'लबाडी' म्हटले आणि तिसरा पर्याय तिथेच संपला.

त्या बैठकीतली दोन वाक्ये माझ्या वहीत आहेत. फाईट मास्टर म्हणाले, "मारणारा नवखा चालतो, मार खाणारा शिकलेला पाहिजे." त्यावर वस्ताद शांतपणे म्हणाले, "आमच्याकडं मार खायचं शिक्षणच न्हाई. लागला म्हंजे तू चुकलास, असं सांगतो आम्ही पोरांना." दिग्दर्शकाने पहिले वाक्य मुंबईकराचा धंदेवाईक सूर म्हणून घेतले आणि दुसरे आखाड्याचा अभिमान म्हणून. वास्तविक दोघेही एकच धोक्याची सूचना देत होते. पडद्यावरच्या मारामारीचा खरेपणा वार करणाऱ्यात जेवढा असतो त्याहून जास्त वार घेणाऱ्यात असतो आणि वार घेण्याची ही विद्या लाठीसारख्या युद्धकलेच्या शिक्षणात सहसा नसते, कारण तिथे ती अपयशाची विद्या आहे.

ज्या उदाहरणांवर आम्ही भिस्त ठेवली होती, त्यांतही हेच दिसले असते, जर कोणी नीट पाहिले असते. टोनी जा हा पन्ना रित्तिक्राय या ज्येष्ठ स्टंट-दिग्दर्शकाच्या हाताखाली किशोरवयापासून तयार झाला होता आणि त्याच्यासमोर पडणारी माणसेही त्याच चमूत वर्षानुवर्षे पडायला शिकलेली होती. जॅकी चॅन आणि सॅमो हंग लहानपणी यू जिम-युएन यांच्या पेकिंग ऑपेरा शाळेत होते. तिथे कोलांट्या, उड्या आणि आपटणे हा नाटकाचाच भाग म्हणून घोटून घेतला जाई. त्या परंपरांत मारणे आणि पडणे एकाच ताटात वाढलेले होते. आमच्या ताटात अर्धेच वाढलेले होते. आम्ही दुसरा रस्ता निवडला.

काय केले

एकवीस दिवस तालीम झाली. ती आखाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात, पायाखाली मऊ माती असताना झाली. गुऱ्हाळात पायाखाली टणक जमीन, राख आणि घसरणारी चिपाडे होती. शेवटचे तीन दिवस तरी तालीम गुऱ्हाळात व्हावी असे फाईट मास्टरनी सुचवले होते, पण जागेचे भाडे दिवसावर होते आणि मी ते दिवस वाचवले.

वार टेकणार म्हणून लाठी मऊ हवी होती. पहिल्यांदा पूर्ण फोमची लाठी करून पाहिली. मुलीने दोन हात फिरवले आणि ती खाली ठेवली. "सर, हाताला वजनच लागत नाही," ती म्हणाली, आणि ते खरे होते. लाठीचा फेर तिच्या वजनावर चालतो, वजन गेले की मनगट वेगळेच वळते. मग कला विभागाने हलक्या वेताची काठी घेऊन तिच्या दोन्ही टोकांना दीड-दीड फूट फोम गुंडाळला, वर कापड चिकटवले आणि बांबूच्या पेरांसारखे रंगवले. अशा दोन लाठ्या झाल्या. तिसरी लाठी खऱ्या बांबूची होती आणि ती फक्त मुलगी एकटी फिरवते त्या शॉटसाठी होती. तिन्ही एकमेकींशेजारी ठेवल्या तर दोन हातांवरून फरक कळत नसे. कला विभागाच्या कामाचे त्या दिवशी सगळ्यांनी कौतुक केले.

पहिले दोन दिवस चांगले गेले. लाठीवर लाठी येण्याचे, वार अडवण्याचे आणि पवित्रा बदलण्याचे शॉट इतके सुंदर झाले की मॉनिटरमागे उभे असलेले लाईटमनही टाळ्या वाजवत होते. पठ्ठे जिथे अडवत होते तिथे ते अप्रतिम होते. जिथे त्यांना मार खायचा होता तिथे मात्र प्रत्येक शॉटला आठ-आठ, दहा-दहा टेक होत होते, कारण वार येताना दिसला की त्यांचे डोळे आधी मिटत किंवा मान आधीच वळत असे. हा आकडा मी रोजच्या अहवालात लिहीत होतो. त्याचा अर्थ मी लावला नाही.

तिसऱ्या दिवसाची दुपार

सहाव्या शॉटमध्ये एका पठ्ठ्याची लाठी हातातून निसटते, मुलगी फिरकी घेऊन त्याच्या डाव्या कानशिलावर तमाचा हा लाठीचा वार करते आणि तो एक पाऊल मागे जाऊन चिपाडांच्या ढिगावर कोसळतो, असे बसवले होते. फोमचे टोक खांद्याला टेकणार होते आणि बाजूच्या कॅमेऱ्यातून ते कानशिलावर बसल्यासारखे दिसणार होते.

सहावा टेक उत्तम झाला. वस्ताद, फाईट मास्टर, छायालेखक, सगळ्यांनी मान डोलावली. दिग्दर्शकाला मात्र पठ्ठा पडताना चिपाडांचा भुसा उन्हाच्या तिरिपेत आणखी वर उडायला हवा होता. जॅकी चॅनची 1986 सालची युगोस्लाव्हियातली गोष्ट या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असते: 'आर्मर ऑफ गॉड'साठी भिंतीवरून झाडावर घेतलेली उडी पहिल्या वेळी व्यवस्थित झाली होती, तिने समाधान झाले नाही म्हणून ती पुन्हा घेतली, फांदी मोडली आणि त्याची कवटी फुटली. गोष्ट ठाऊक असणे वेगळे आणि मॉनिटरसमोर बसल्यावर ती आठवणे वेगळे.

आठव्या टेकला फोमच्या लाठीचे कापड फाटले. दुसरी फोमची लाठी सकाळीच फाटली होती आणि चिकटवून वाळत ठेवलेली होती. पाच वाजून वीस मिनिटे झाली होती आणि ऊन चुलवाणाच्या कडेला पोहोचले होते. कला विभागाच्या मुलाने मला विचारले, "काय करू?" मी म्हणालो, "बांबूची दे. वीतभर लांबून काढायला सांगतो तिला, एकच टेक आहे." मुलीला मी तसे सांगितले. फाईट मास्टर त्या वेळी पुढच्या शॉटची गादी लावून घेत होते. त्यांना सांगितले नाही. ज्याच्यावर वार येणार होता त्यालाही सांगितले नाही, कारण वार टेकणारच नाही तर त्याला कशाला घाबरवायचे, असा माझा विचार होता.

मुलीने हात बरोबर मारला. ती वीतभर लांबच होती. पण पठ्ठा मागे न जाता पुढे आला. लाठीचा जोर टोकाला असतो, मुठीजवळ नसतो; म्हणून वार चुकवता येत नसेल तर आत शिरून तो मुठीजवळ धरावा, हे त्याला लहानपणापासून शिकवलेले होते आणि ते शिक्षण योग्यच होते. तो अर्धे पाऊल आत आला, रिकामे हात वर गेले आणि बांबू डाव्या हाताच्या बोटांवर बसला. चिपाडांचा भुसा उडाला नाही. दोन बोटांची हाडे मोडली.

नंतर दवाखान्यात मी त्याला विचारले की इतक्या टेकमध्ये तू मागे गेलास, मग याच वेळी पुढे का आलास. तो म्हणाला, "सर, आवाज वेगळा आला." फोम गुंडाळलेली लाठी हवेत मंद फडफडते, बांबू सूं करत येतो. डोळ्यांना फसवण्याइतक्या तिन्ही लाठ्या सारख्या रंगवल्या होत्या, पण कानाने खरी लाठी ओळखली आणि हाताने खरे उत्तर दिले. हे वाक्य ऐकेपर्यंत मी त्याच्या थकव्याला दोष देत होतो.

अपघातानंतरचे निर्णय

सेटवर प्रथमोपचाराची पेटी होती, रुग्णवाहिका नव्हती. युनिटच्या गाडीतून तालुक्याच्या गावी जायला चाळीस मिनिटे लागली. त्याच्या हाताला सहा आठवडे प्लास्टर होते. हा मुलगा एरवी फौंड्रीत कामाला जाई आणि सुट्टी टाकून चित्रीकरणाला आला होता. प्रत्यक्षात त्याला दहा आठवडे कामावर जाता आले नाही. निर्मात्याने युनिटचा अपघात विमा काढला होता, पण त्या यादीत चारही पठ्ठे साधे सहकलाकार म्हणून लावलेले होते, मारामारी करणारे म्हणून नव्हे. विमा कंपनीने कागद परत पाठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या कॉलला आखाड्यातले कोणीच आले नाही. वस्ताद एकटे आले, बुलेट उभी केली आणि निर्मात्याला म्हणाले, "पोराचं काय ते ठरवा. ठरल्याबिगर लाठी उचलायची न्हाई." निर्मात्यासमोर दोन मार्ग होते. आखाड्याला बाजूला सारून उरलेले काम मुंबईच्या फायटरवर उरकणे हा त्यातला स्वस्त मार्ग होता आणि त्या सकाळी तो गांभीर्याने बोललाही गेला. दिग्दर्शकाने त्याला नकार दिला, आणि त्याच्याबद्दल मी वर जे लिहिले आहे त्याच्या जोडीला हेही लिहायला हवे. दुपारपर्यंत बोलणे झाले. दवाखान्याचा सर्व खर्च आणि दहा आठवड्यांची मजुरी निर्मात्याने स्वतःच्या खिशातून देण्याचे कागदावर मान्य केले. तो दिवस चित्रीकरणाविना गेला.

त्या संध्याकाळी फाईट मास्टर, वस्ताद आणि छायालेखक पहिल्यांदाच दिग्दर्शकाशिवाय एकत्र बसले आणि आधी नाकारलेला तिसरा पर्याय त्यांनी नव्याने बांधला. त्यांची वाटणी फार नेमकी होती. जिथे शस्त्राला शस्त्र भिडते तिथे पठ्ठे राहतील, कारण अडवणे हेच त्यांचे शिक्षण आहे. जिथे वार अंगावर घ्यायचा आहे तिथे फायटर राहतील, कारण ते त्यांचे शिक्षण आहे. त्यासाठी मुंबईहून आणखी दोन फायटर बोलावले. सातऐवजी एकोणीस शॉट ठरले. चार शॉट 22 फ्रेमने घ्यायचे ठरले. काहिलीच्या कट्ट्यावरून मुलगी पाठीवर पडते ते दोन शॉट एका स्त्री-स्टंट कलाकाराने करायचे ठरले. हे सगळे दिग्दर्शकाने रात्री दहा वाजता ऐकून घेतले आणि बराच वेळ काही न बोलता शेवटी मान्य केले.

या वाटणीतही एक नवी अडचण निघाली. फायटरना 'एक, दोन, तीन' अशा आकड्यांवर रिअॅक्शन द्यायची सवय. मुलीची लाठी आकड्यांवर चालतच नव्हती. आकडा दोनवर यायचा तेव्हा कधी वार येऊन गेलेला असे, कधी यायचा असे. वस्तादांनी मग आखाड्यातला हलगीवाला आणून कॅमेऱ्यामागे बसवला. मर्दानी खेळ एरवीही हलगीच्या ठेक्यावरच चालतो आणि दृश्याचा आवाज नंतर स्टुडिओत भरायचा होता, त्यामुळे हलगीने काही बिघडत नव्हते. ठेक्यातल्या कोणत्या टिपरीला वार सुटतो हे फायटरनी अर्ध्या तासात पकडले. त्यांच्यातला सर्वांत वयस्क फायटर नंतर मला म्हणाला की चाळीस वर्षांत त्याने इतक्या आरामात मार खाल्ला नव्हता. टेकची संख्या दोन-तीनवर आली.

निष्पत्ती

चार दिवसांच्या कामाला, वाया गेलेला दिवस धरून, आठ दिवस लागले. पडद्यावर मारामारी तीन मिनिटे दहा सेकंदांची झाली. चित्रपट चित्रपटगृहांत दोन आठवडे चालला. पैशाच्या दृष्टीने तो ना फायद्यात गेला ना फार तोट्यात.

दृश्य पाहून लोकांनी एका वाराचा उल्लेख वारंवार केला. मुलगी घाण्याजवळ वळून बाहेरा हा लाठीचा वार मारते आणि समोरचा माणूस अर्धा गोल फिरून घाण्याच्या लाकडावर आदळतो, तो वार. 'हा तर खरंच लागला' असे मला किमान दहा जणांनी सांगितले. त्या वारात लाठी त्या माणसाच्या जबड्यापासून वीतभर लांबून गेली होती आणि तो फायटर पंचवीस वर्षे असाच फिरून पडत आला होता. उलट पहिल्या दोन दिवसांत पठ्ठ्यांवर खरेच टेकलेले तीन वार आम्ही संकलनात काढून टाकले, कारण ते खोटे दिसत होते.

वस्तादांनी चित्रपट पाहिला तो गावातल्या खेळाला, पहिल्या रांगेत बसून. त्यांना दृश्य आवडले. फक्त एका शॉटमध्ये मुलीचा उजवा पाय पुढे हवा तिथे डावा आहे, हे त्यांनी बाहेर येता येता सांगितले. तो शॉट 22 फ्रेमवाल्या चारांपैकी होता आणि ती चूक संकलकाच्या, दिग्दर्शकाच्या आणि माझ्या लक्षात आली नव्हती.

पुन्हा करायचे झाल्यास

माझ्या स्वतःच्या निर्णयापासून सुरुवात करतो. बदललेले शस्त्र समोरच्या माणसाला न सांगता वापरणे ही वेळेच्या टंचाईतून झालेली चूक म्हणता येईल, पण टंचाई नसती तरी मी कदाचित तेच केले असते, कारण माझ्या डोक्यात धोका मारणाऱ्याच्या अचूकपणात होता. तिच्यावर विश्वास होता म्हणून मी निर्धास्त होतो. ज्याच्यावर वार येतो तो काय करेल, हा प्रश्न मला पडलाच नाही. आता मी मऊ आणि खऱ्या शस्त्रांच्या मुठीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधायला लावतो, जो कॅमेऱ्यात हाताखाली झाकला जातो पण सेटवर सगळ्यांना दिसतो, आणि शस्त्र बदलले की तालीम पुन्हा एकदा सावकाश करून घेतो. याला तीन मिनिटे लागतात.

टेकच्या संख्येबद्दल माझे मत अजून पक्के नाही. ठराविक आकडा घालून द्यावा असे काहीजण म्हणतात. मला तो कृत्रिम वाटतो, कारण लाठीवर लाठीच्या शॉटला बारा टेक होऊनही काही बिघडले नव्हते. पण अंगावर घ्यायच्या वाराला चार टेकमध्ये जमत नसेल तर पाचवा घेण्याऐवजी माणूस किंवा कोन बदलावा, एवढे मी आता धरून चालतो. पहिल्या दोन दिवसांच्या अहवालात हे स्पष्ट लिहिलेले होते. तालीम प्रत्यक्ष जागेवर घेणे, पठ्ठ्यांची नावे विम्याच्या यादीत योग्य रकान्यात लावणे आणि मारामारीच्या दिवशी रुग्णवाहिका उभी ठेवणे यांबाबत वेगळे काही लिहिण्यासारखे नाही. ते आधीच करायचे असते आणि आम्ही ते पैसे वाचवण्यासाठी केले नाही.

फाईट मास्टरना आणि वस्तादांना आधीच एकत्र बसवले असते तर अपघात टळला असता का, हे सांगता येत नाही. हलगी मात्र एकवीस दिवस आधी आली असती. दोघांनी पहिल्या बैठकीत एकच गोष्ट दोन भाषांत सांगितली होती आणि मधे बसलेल्या आम्हा लोकांना आपल्याला काय ऐकायचे आहे ते आधीच ठरलेले होते.

राहिली पोस्टरची ओळ. प्रदर्शनाच्या तीन आठवडे आधी निर्मात्याने ती पुन्हा बाहेर काढली. केबल वापरलेली नव्हती, कॉम्प्युटरही नव्हता. डुप्लिकेट मात्र दोन शॉटमध्ये होती. दोन शॉटसाठी इतकी चांगली ओळ सोडायची का, असा त्याचा मुद्दा होता आणि 'ना केबल, ना कॉम्प्युटर' एवढीच छापू, अशी तडजोडही त्याने सुचवली. त्या बैठकीला मुलगी होती. ती फारसे बोलत नसे. तिने एवढेच विचारले की मग कट्ट्यावरून पडलेल्या ताईंचे नाव कुठे येणार. पोस्टरवर शेवटी कुठलीच ओळ आली नाही. श्रेयनामावलीत चार पठ्ठे, चार फायटर, त्या ताई आणि हलगीवाला यांची नावे एकाच पाटीवर आली आणि प्लास्टर निघालेल्या मुलाने थिएटरच्या अंधारात त्या पाटीचा फोटो काढायचा प्रयत्न केला, तो हलला.